दमन उठणं वेगळं, प्रेरण वेगळं: ट्रायकोडर्माच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

आज प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमशी बोलून प्रश्न पक्का केला. ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी ग्लुकोज मिळत असताना सेल्युलेज (सेल्युलोज फोडणारी एन्झाइम) बनवत नाही आणि सेल्युलोजवर वाढवली की भरपूर बनवते. पाठ्यपुस्तकात हे एका वाक्यात उरकलेलं असतं, पण त्या वाक्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. ग्लुकोजमुळे लागणारी बंदी ही एक, आणि सेल्युलोजच्या बाजूने येणारा इशारा ही दुसरी. ग्लुकोज काढून घेतलं तर जनुकं आपोआप चालू होतात, की इशारा येईपर्यंत गप्प राहतात? दमन (ही बंदी) आणि प्रेरण (इशाऱ्याने जनुक चालू होणं) हे दोन्ही एकाच प्रयोगात वेगळे करून मोजायचे, हे आमचं काम.

हा प्रश्न घेण्यामागे कारण आहे. आपल्याकडे साखर कारखान्यांत बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाचे, डोंगर उभे राहतात. त्यातलं बहुतेक बॉयलरमध्ये जातं, वाफ आणि वीज होते. त्याच बगॅसच्या सेल्युलोजपासून साखर आणि पुढे इथेनॉल करायचं तर एन्झाइमचा खर्च आडवा येतो. हा खर्च कमी करायचा तर बुरशी हे एन्झाइम कधी आणि का बनवते ते आधी नीट कळायला हवं. नुसता चांगला वाण आणून भागत नाही, असं मला मनापासून वाटतं.

११ जुलै

दोन वाण घेतले: क्यूएम९४१४ आणि रुट-सी३०. दोघांचा मूळपुरुष एकच, क्यूएम६ए. 'क्यूएम' म्हणजे अमेरिकन लष्कराचा क्वार्टरमास्टर विभाग. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमध्ये सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजत होते, त्याचा शोध घेताना सॉलोमन बेटांवरून ही बुरशी हाती आली. पुढे नॅटिकच्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. आधी तिला ट्रायकोडर्मा विरिडी समजत होते. १९७७ मध्ये ती वेगळी जाती ठरली आणि तिला रीस यांचं नाव मिळालं.

रुट-सी३० हा वाण रटगर्स विद्यापीठातला. क्यूएम६ए वर अतिनील किरण, मग नायट्रोसोग्वानिडीन (जनुकांत बदल घडवणारं रसायन), मग पुन्हा अतिनील किरण अशा पायऱ्यांनी तो तयार झाला. शेवटच्या पायरीत बंदी न जुमानणारे वाण वेगळे काढायला २-डीऑक्सिग्लुकोज वापरलं. पेशीला ते ग्लुकोजच वाटतं, पण पचत नाही. ते माध्यमात असतानाही जी वसाहत भोवतीचं सेल्युलोज विरघळवते, तिच्यात ग्लुकोजची बंदी कुठेतरी मोडलेली असते. निवडीची ही पद्धत मला फार आवडते, कारण हवा तो दोष स्वतःहून डोळ्यांसमोर येतो. आपल्या पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलियम जँथिनेलमचे सुधारित वाण निवडतानाही हेच २-डीऑक्सिग्लुकोज वापरलं होतं. ते काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं.

२००८ मध्ये क्यूएम६ए चा जीनोम वाचला गेला. सुमारे ३४० लाख बेस, ९,१२९ जनुकं. लोकांची अपेक्षा होती की एवढ्या तगड्या बुरशीत सेल्युलेजची जनुकं ढिगाने असतील. प्रत्यक्षात वनस्पती कुजवणाऱ्या इतर बुरश्यांपेक्षा ती कमीच निघाली. म्हणजे तिचं बळ जनुकांच्या संख्येत नाही. थोडी जनुकं जोरात चालवण्यात आणि बनलेली प्रथिनं बाहेर सोडण्यात आहे. स्रवलेल्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास एकटं सीबीएच१ हे सेल्युलेज असतं. म्हणून मोजायला त्याचंच जनुक घेतलं.

१६ जुलै

माध्यम ठरलं: मँडेल्सचं. अमोनियम सल्फेट, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, युरिया, थोडं पेप्टोन, लोह-मँगेनीज-जस्त-कोबाल्टचे अल्प क्षार. पीएच ५ च्या जवळ, २८ अंश, शेकरवर.

रचना अशी. आधी दोन्ही वाण ग्लिसरॉलवर वाढवायचे. ग्लिसरॉल सेल्युलेजला चेतवत नाही आणि ग्लुकोजसारखं घट्ट दाबतही नाही. मग कवकजाल (बुरशीच्या धाग्यांचं जाळं) गाळून, धुऊन, नव्या माध्यमात टाकायचं. माध्यमं: कार्बन अजिबात नाही, ग्लुकोज, ग्लिसरॉल, लॅक्टोज, सोफोरोज (सेल्युलेजला चेतवणारी छोटी साखर), सेल्युलोजची भुकटी, आणि सेल्युलोज अधिक ग्लुकोज. सगळ्यांत बोलका ठरेल तो शेवटचा फ्लास्क. इशारा आणि बंदी दोन्ही एकदम दिल्यावर कोण जिंकतं ते तिथे दिसेल.

कार्बनच नसलेला फ्लास्क मॅडमनी आग्रहाने ठेवायला लावला. "बंदी उठणं म्हणजे नक्की काय, हे त्याच्याशिवाय दाखवता येणार नाही," असं त्या म्हणाल्या. बरोबर आहे. तिथे ग्लुकोजही नाही आणि इशाराही नाही.

शेकर खिडकीपाशी आहे, म्हणून सगळे फ्लास्क काळ्या कागदात गुंडाळले. या बुरशीत प्रकाशाचाही सेल्युलेज जनुकांवर परिणाम होतो, आणि पावसाळ्यात दिवसाचा उजेड तासातासाला बदलतो. प्रयोगशाळेतल्या मामांनी कागद कापून, गुंडाळून, वर दोरे बांधून दिले. हे काम त्यांच्याइतकं नीट कुणाला जमत नाही.

२३ जुलै

बीजाणू उगवेपर्यंत वाचन.

मुळात अडचण ही की सेल्युलोज पेशीच्या आत जाऊच शकत नाही. ती लांबलचक, न विरघळणारी साखळी आहे. मग बाहेर सेल्युलोज आहे हे आतल्या जनुकाला कळतं कसं? एन्झाइम असेल तर सेल्युलोजचे तुकडे पडतील, तुकडे पडले तर इशारा मिळेल आणि इशारा मिळाला तर एन्झाइम बनेल. पण पहिलं एन्झाइम आणायचं कुठून?

याचं उत्तर देणारा एक प्रयोग १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. बुरशीला सेल्युलोज दिलं आणि सोबत सेल्युलेजना बांधून निकामी करणारी प्रतिपिंडं दिली. सीबीएच१ चं जनुक चालू झालं नाही. तीच प्रतिपिंडं ठेवून सेल्युलोजऐवजी सोफोरोज दिलं, तर जनुक चालू झालं. म्हणजे बुरशीपाशी एन्झाइमचा अगदी अल्प साठा कायम असतो. बीजाणूंच्या पृष्ठभागावरही तो सापडतो. हा साठा सेल्युलोज कुरतडतो, विरघळणारे छोटे तुकडे सुटतात आणि ते आत जाऊन इशारा होतात. सोफोरोज आधीच छोटं असल्यामुळे त्याला कुरतडण्याची गरज नाही, म्हणून प्रतिपिंडांचा त्याच्यावर परिणाम झाला नाही. इतका साधा, इतका निर्णायक प्रयोग मी या विषयात दुसरा पाहिलेला नाही.

सोफोरोज म्हणजे ग्लुकोजचे दोन रेणू, पण सेल्युलोजमध्ये असते तशी १-४ जोडणी नाही, १-२ आहे. मँडेल्स आणि सहकाऱ्यांच्या पाहण्यात आलं की बाजारातल्या काही ग्लुकोजवरही सेल्युलेज थोडं बनतं. त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि ग्लुकोजमधल्या अशुद्धीत हे सोफोरोज सापडलं. वर्ष १९६२. बीटा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम सेल्युलोजच्या तुकड्यांची जोडणी बदलून सोफोरोज बनवू शकतं, म्हणून निसर्गातला इशारा तोच असावा असं मानलं जातं.

२ ऑगस्ट

पहिला माध्यमबदल केला. ग्लिसरॉलवरचं कवकजाल धुऊन सगळ्या माध्यमांत वाटलं. सोफोरोज फार महाग, म्हणून ते १ मिलिमोलर आणि फक्त छोट्या फ्लास्कमध्ये.

जनुक किती चालू आहे ते आरएनएवरून कळतं. ते काढण्यासाठी कवकजाल द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलबत्त्यात कुटलं. सेल्युलोजच्या फ्लास्कमध्ये कवकजाल आणि भुकटी वेगळी करता येत नाही, त्यामुळे कोरडं वजन घेऊन 'इतक्या ग्रॅम बुरशीमागे इतकं एन्झाइम' असं म्हणता येणार नाही. तिथे कवकजालातलं प्रथिन क्षारात उकळून काढायचं आणि त्यावरून वाढ अंदाजायची.

क्यूपीसीआरला (जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजण्याची पद्धत) तुलनेसाठी सार१ हे जनुक घेतलं. अॅक्टिन बहुतेकांच्या सवयीचं, पण कार्बनचा स्रोत बदलला की ट्रायकोडर्मात तेही हलतं. सार१ स्थिर राहतं. माझ्या नमुन्यांतही दोन्ही चालवून पाहिली. सार१ खरंच कमी हललं.

७ ऑगस्ट

क्यूएम९४१४ चे निकाल.

ग्लुकोज: सीबीएच१ जवळपास नाहीच. अपेक्षित.

कार्बन नाही: थोडंसं वाढलं, आणि तिथेच थांबलं. ग्लिसरॉलमध्येही तसंच.

सोफोरोज: काही तासांतच मोठी उडी. ग्लुकोजशी तुलना करायला आलेखाचा अक्ष लॉगमध्ये घ्यावा लागला.

सेल्युलोज: सुरुवातीला कार्बन नसलेल्या फ्लास्कसारखंच. दुसऱ्या दिवसापासून चढत गेलं. हा उशीर म्हणजे कुरतडण्याचा वेळ, असं मी मानतो. सोफोरोजच्या फ्लास्कमध्ये तो उशीर नाही हे त्याच्याशी जुळतं.

सेल्युलोज अधिक ग्लुकोज: ग्लुकोज संपेपर्यंत काही नाही.

माझ्या दृष्टीने या निकालाचं मर्म कार्बन नसलेल्या फ्लास्कमध्ये आहे. बुरशी उपाशी आहे, ग्लुकोजची बंदी नाही, तरी ती एन्झाइम ओतत नाही. फक्त थोडं बनवते, चाचपून पाहण्यापुरतं. उपाशी जिवाने जवळचा नायट्रोजन आणि ऊर्जा खर्चून मोठी प्रथिनं बाहेर फेकायची, तर समोर खाण्यासारखं काही आहे याची खात्री हवी. ही काटकसर शेतकऱ्याच्या बियाण्यासारखी आहे: घरात टंचाई असली तरी पावसाचा अंदाज घेतल्याशिवाय ते मातीत टाकत नाहीत.

९ ऑगस्ट

एक्सवायआर१ या सेल्युलेज चालू करणाऱ्या जनुकाचे, ते क्यूपीसीआरने मोजायला लागणारे, प्रायमर आले. उद्या त्याच सीडीएनएवर (आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतीवर).

२० ऑगस्ट

एक्सवायआर१ बद्दल आधी थोडं. १९९८ मध्ये अॅस्परजिलस नायजरमध्ये एक्सएलएनआर हे नियंत्रक प्रथिन सापडलं. ते झायलनेजबरोबर (वनस्पतीतलं झायलन फोडणारं एन्झाइम) काही सेल्युलेजही चालू करतं. ट्रायकोडर्मातलं त्याचं भावंड म्हणजे एक्सवायआर१. हे जनुक काढून टाकलेल्या वाणाला सेल्युलोज द्या की सोफोरोज द्या, सेल्युलेज येत नाही. मुख्य कळ हीच. त्याच्या मदतीला एसीई२ आणि एसीई३ आहेत, तर एसीई१ दाबणाऱ्यांत मोडतं.

बंदीची बाजू सीआरई१ सांभाळतं. ते जस्ताच्या बोटांसारख्या रचनेने डीएनएला धरतं. ग्लुकोज असलं की ते सीबीएच१ च्या प्रवर्तकावर (जनुक जिथून चालू होतं त्या भागावर) बसतं आणि एक्सवायआर१ च्या जनुकालाही दाबतं. एकाच मार्गावर दोन ठिकाणी बंदी. त्यामुळे सीबीएच१ वरची बंदी काढून पूर्ण फायदा होत नाही, कारण त्याला चालू करणारं प्रथिनच कमी पडतं.

माझ्या नमुन्यांत क्यूएम९४१४ मध्ये एक्सवायआर१ आणि सीबीएच१ बरोबरीने वर जातात. फक्त एक्सवायआर१ ची वाढ खूप लहान आहे. नियंत्रक थोडासा वाढतो आणि त्याच्या हाताखालचं जनुक कित्येक पटींनी उसळतं.

आता रुट-सी३०. याच्यात सीआरई१ तुटकं आहे. ९६ अमिनो आम्लांवर संपतं आणि दोनपैकी एकच बोट शाबूत राहतं. शिवाय दुसरीकडे सुमारे ८५ हजार बेसचा एक तुकडा गळालेला आहे.

सेल्युलोज अधिक ग्लुकोज या फ्लास्कमध्ये रुट-सी३० ने ग्लुकोज संपायची वाट पाहिली नाही. सीबीएच१ लवकरच दिसू लागलं. बंदी मोडलेली आहे हे स्पष्ट. पण नुसत्या ग्लुकोजमध्ये? तिथे सीबीएच१ क्यूएम९४१४ पेक्षा नक्कीच जास्त आहे, तरी सेल्युलोजच्या मानाने अगदी कमी. म्हणजे बंदी जनुकातून कायमची मोडली तरी इशाऱ्याची गरज उरतेच. जुलैत विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर समोर पाहून खूप समाधान वाटलं.

मॅडमनी लगेच पुढचं विचारलं: मग सीआरई१ पूर्णच काढून टाकलं तर आणखी चांगलं नाही का? तसं आधी करून झालं आहे. सेल्युलेज वाढतं, पण वसाहती लहान राहतात, वाढ खालावते. सीआरई१ फक्त सेल्युलेजपुरतं नाही. पोषणाच्या असंख्य जनुकांचा तोल त्याच्यावर आहे. आणि रुट-सी३० मधला ९६ अमिनो आम्लांचा तुकडा हा नुसता मेलेला अवशेष नाही. तो सेल्युलेजला उलट मदत करतो असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून 'दमन बंद' अशी साधी पाटी या वाणाला लावू नये, हे अहवालात ठळक लिहायचं.

२९ ऑगस्ट

न्यूरोस्पोराशी तुलना करायला मॅडमनी सांगितलं होतं. ही नारिंगी बुरशी जळालेल्या झाडोऱ्यावर उगवते, कारण तिचे एक प्रकारचे बीजाणू उष्णतेनेच जागे होतात. जाळलेल्या उसाच्या शेतातही न्यूरोस्पोरा सापडते.

न्यूरोस्पोरा क्रासामध्ये २०१२ मध्ये सीएलआर-१ आणि सीएलआर-२ ही दोन नियंत्रक प्रथिनं सापडली. इशारा मिळाला की सीएलआर-१ जागं होतं, ते सीएलआर-२ चं जनुक चालू करतं आणि सीएलआर-२ सेल्युलेजची फौज उभी करतं. झायलनसाठी वेगळं एक्सएलआर-१ आहे. ट्रायकोडर्मात दोन्ही कामांत एक्सवायआर१ मुख्य. दोन्ही बुरश्यांत ही प्रथिनं एकाच मोठ्या कुळातली, पण जोडणी वेगळी. म्हणून एका बुरशीत सापडलेली कळ दुसरीत तशीच असेल असं गृहीत धरता येत नाही.

न्यूरोस्पोरातला दुसरा प्रयोग माझ्या प्रश्नाला थेट लागू आहे. मूळ, न बदललेल्या वाणाला सेलोबायोज (ग्लुकोजच्या दोन रेणूंचा, सेल्युलोजसारख्या जोडणीचा तुकडा) दिलं तर सेल्युलेज फारसं येत नाही. कारण बीटा-ग्लुकोसिडेज ते झटकन फोडून ग्लुकोज करतं. इशारा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी बंदी येते. बीटा-ग्लुकोसिडेजची तीन जनुकं काढून टाकलेल्या वाणात मात्र तेच सेलोबायोज सेल्युलोजच्या तोडीने जनुकं चालवतं. इशारा आणि बंदी एकाच रेणूच्या पोटात असतात. कुठली पुढे येते हे तो किती वेगाने फुटतो त्यावर ठरतं.

हे वाचल्यापासून मी प्रत्येक फ्लास्ककडे वेगाच्या नजरेने पाहतोय.

१२ सप्टेंबर

गौरी-गणपतीची सुट्टी संपली. एन्झाइम मोजणी.

फिल्टर पेपर पद्धत: व्हॉटमन क्रमांक १ ची १ × ६ सेंटिमीटर पट्टी, म्हणजे ५० मिलिग्रॅम. सायट्रेट बफर, पीएच ४.८, ५० अंश, एक तास. मग डीएनएस (साखरेशी रंग देणारं रसायन) घालून उकळायचं आणि ५४० नॅनोमीटरवर वाचायचं. ही पद्धत जगभर एकसारखी वापरता यावी म्हणून ती नीट बांधून १९८७ मध्ये प्रसिद्ध केली दिल्लीच्या आयआयटीतले टी. के. घोष यांनी. त्यातली मेख अशी की एकक ठरतं २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटण्यावर, म्हणजे कागदाचा ४ टक्के भाग फुटल्यावर. त्यामुळे एकच विरळ द्रावण वाचून भागाकार करता येत नाही. वेगवेगळी विरळणं करून ज्याला बरोबर २ मिलिग्रॅम येतं तेच शोधावं लागतं.

ग्लुकोज घातलेल्या फ्लास्कांचं द्रावण थेट डीएनएसला दिलं तर माध्यमातलं ग्लुकोजच रंग देतं. म्हणून ती द्रावणं आधी छोट्या स्तंभातून सोडून त्यांतली साखर मिठासकट काढून घेतली. प्रत्येकाचा एन्झाइमचा कोरा नमुनाही ठेवला.

आरएनएची कथा आणि एन्झाइमची कथा जुळते, एन्झाइम फक्त मागून येतं. लॅक्टोजवर दोन्ही वाणांत सेल्युलेज चांगलं आलं. हे पहिल्यांदा पाहताना अचंबा वाटतो: मातीतल्या, लाकडावरच्या बुरशीचा दुधाच्या साखरेशी काय संबंध? कारण पुन्हा वेगाशी येऊन ठेपतं. लॅक्टोज ती हळू पचवते. लॅक्टोजचा अर्धा भाग म्हणजे गॅलॅक्टोज. बुरशी संथ वाढत असेल तरच गॅलॅक्टोज सेल्युलेजला चेतवतं. लॅक्टोज पाण्यात विरघळतं आणि चीज-पनीरच्या धंद्यातून उरलेल्या निवळीत स्वस्त मिळतं, म्हणून उद्योगात ते आवडतं आहे.

२६ सप्टेंबर

बगॅस आलं. गळीत हंगाम अजून लांब, त्यामुळे हे मागच्या हंगामातलं, साठवणीतलं. उरलेली साखर जाईपर्यंत गरम पाण्याने धुतलं, कारण त्या साखरेनेच बंदी लागली असती. मग सौम्य अल्कलीची प्रक्रिया, पुन्हा धुणं, वाळवणं, दळणं.

बगॅसमध्ये सेल्युलोज ढोबळपणे ४० ते ४५ टक्के. बाकीचा मोठा भाग हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचा. हेमिसेल्युलोजमधून झायलोज सुटतं, आणि त्याचंही वागणं दुहेरी: अगदी थोडं असेल तर ट्रायकोडर्मात झायलनेजला चेतवतं, जास्त झालं तर सीआरई१ च्या वाटेने दाबतं. तिथेही प्रश्न मात्रेचा.

क्यूएम९४१४ बगॅसवर सुरुवातीला शुद्ध सेल्युलोजपेक्षा लवकर जागी झाली. झायलनेज आधी, सेल्युलेज नंतर. पण जास्त बगॅस एकदम घातलेल्या फ्लास्कमध्ये मधे एक पठार आलं. त्या वेळी माध्यमात ग्लुकोज साचलेलं होतं. रुट-सी३० मध्ये पठार जवळपास नाही.

८ ऑक्टोबर

मॅडम आणि मी दोन तास बसलो. नवे उत्परिवर्ती वाण शोधण्याचा आधीचा बेत बाजूला ठेवला. आमचेच निकाल सांगतात की बंदी मोडलेल्या वाणालाही इशारा लागतो, आणि इशारा टिकतो तो साखर हळूहळू सुटत राहिली तरच. मग वाण बदलण्याआधी खाऊ घालण्याची पद्धत बदलून पाहायची. क्यूएम९४१४ ला बगॅस एकदम न देता थोडं थोडं द्यायचं आणि माध्यमातलं ग्लुकोज सतत जवळपास शून्यावर ठेवायचं. ग्लुकोज मोजायला डीएनएस नको, ते इतर साखराही मोजतं; ग्लुकोज ऑक्सिडेजचा किट मागवला. सोबत रुट-सी३० तशाच पद्धतीने, आणि दोघांचीही एकेक जोडी सगळं बगॅस एकदम दिलेली.

दमन न मोडलेला वाण नुसत्या संयमित खुराकाने रुट-सी३० च्या किती जवळ जातो, हे यातून कळेल. मला वाटतं बराच जवळ जाईल. मॅडमना तसं वाटत नाही. त्यांच्या मते एक्सवायआर१ वरची बंदी ग्लुकोजच्या अगदी अल्प मात्रेनेही थोडी टिकून राहील. म्हणून प्रत्येक वेळी ग्लुकोजसोबत एक्सवायआर१ साठीही नमुना घ्यायचा, सीबीएच१ पुरतं थांबायचं नाही.

ग्लिसरॉलचं वाढमाध्यम आज ऑटोक्लेव्हला लावलं. सोमवारी बीजाणू टाकायचे.